नऊ विसाव्यांचा डोंगर

शनिवारी उन्हं कलल्यावर आम्ही दोघांनी ओट्यावर बसून पोरांच्या पिशव्यांचं वजन केलं. भाजीचे क्रेट ज्या काट्यावर ठेवतो, त्याच काट्यावर. सात पिशव्या होत्या. मी एकेक उचलून ठेवायचो, ती आकडा बघायची आणि जास्त भरला की आतलं काहीतरी काढून टाकायची. एकीतून वेफर्सची दोन पाकिटं निघाली, एकीतून खेळण्यातला लाल ट्रॅक्टर. तिनं ट्रॅक्टर हातात घेतला, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हा डोंगरावर काय नांगरणार हाय?" तो अजून आमच्या कोनाड्यात आहे. ज्याचा त्याला द्यायचा राहून गेला.

शेवटी तिची स्वतःची पिशवी राहिली. ती कधी काट्यावर चढत नसे. मी गंमत म्हणून ठेवली. साडेआठ किलो भरली. मी म्हटलं, तुझ्याच कायद्यानं तुला पावणेपाचच्या वर उचलायची बंदी आहे. एरवी तिच्या पिशवीला कोणी हात लावला तर अंगावर यायची. त्या दिवशी मी पाच लिटर पाण्याची कॅन काढून माझ्या पिशवीत घातली, तर घालू दिली. "नेता का? न्या," एवढंच म्हणाली. मी खूश झालो, की बाई एकदाची माझं ऐकायला लागली. माणूस किती येडा असतो बघा.

तिचं नाव लिहीत नाही. चव्वेचाळीस वर्षांत मी तिचं नाव घेतलं ते उखाण्यात, लग्नात आणि पूजेला. आता कागदावर घेऊन काय करू. गल्लीतली पोरं तिला आजी म्हणायची, तेवढं पुरे.

नाशिकजवळ मखमलाबादला आमचा भाजीचा मळा आहे. दोन एकर होता, आता एक राहिला, बाकीच्यावर बिल्डिंगा आल्या. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, एवढंच लावतो. मळ्यातून मान वर केली की रामशेजचा डोंगर दिसतो. बाईनं त्या डोंगराकडे पाठ करून चाळीस वर्षं खुरपणी केली आणि कधी विचारलं नाही की तिकडे काय आहे. मग आमची नात, ओवी, तीन वर्षांची असताना एकदा बांधावर बसून म्हणाली, त्या डोंगरावर कोण राहतं? सून म्हणाली देव राहतो. मी म्हटलं वाघ. हिनं खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला ठाऊक नाय. चल, बघून येऊ."

साठीला टेकलेली बाई. त्याच रविवारी पोराला टेम्पो काढायला लावला आणि आशेवाडीपर्यंत गेली. पायात चपला, हातात पाण्याची एक बाटली, कडेवर ओवी, आणि वेळ दुपारची. अर्ध्या तासात चपलेचा अंगठा तुटला. ओवीला ऊन लागून उलटी झाली. दोघी लालबुंद होऊन परत आल्या. दुसरं कोणी असतं तर नाद सोडला असता. हिनं पाय धुतले, गूळपाणी प्यायली आणि म्हणाली, चूक डोंगराची नाही, आपली आहे. मेथीचा जेवढा विचार करतो तेवढा पोराचा केला नाही.

मग तिनं तो केला, आणि मेथीसारखाच केला. मेथी उन्हात काढत नाहीत, तर पोरही उन्हात बाहेर काढायचं नाही. साडेपाचला घर सोडायचं, अकराच्या आत परत. क्रेट शीग लावून भरला की खालची जुडी चेंगरते, तर पोराच्या पाठीवरही शीग नको. दहा किलोच्या पोराला एक किलो, पंधराच्याला दीड. पोरगं आधी काट्यावर उभं करायचं, मग पिशवी. गल्लीतल्या आया हसायच्या. एक म्हणाली, आजी, पोरं विकायला काढली का? ही म्हणाली, "तुझं कोण घेईल? नुसतं हाडकं हाय. भाकरी घालत जा त्याला."

पिशवीत काय असावं हेही ठरलेलं. ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर. गूळ-शेंगदाणे फडक्यात बांधून, प्लास्टिकमध्ये नाही, कारण पाकीट वाजलं की माकडांना आवतण गेलं. मोज्यांचा एक कोरडा जोड. टोपी, हनुवटीखाली बांधायच्या नाडीसकट. तिच्या स्वतःच्या पिशवीत सगळ्यांचं जादा पाणी, सुतळीचं रीळ, हळदीची पुडी, आणि एक घडी केलेलं बारदान. दगड तापलेला असो की ओला, बारदान टाकलं की पोरं बसली. लोक डोंगरावर जायला हजार वस्तू घेतात. हिचं म्हणणं, बारदान आणि सुतळी असली की अर्धा डोंगर झाला.

बुटांच्या बाबतीत मात्र तिनं कोणाचं ऐकलं नाही. ओवीसाठी बूट घ्यायला आम्ही नाशकात शालिमारच्या बाजारात गेलो होतो. दुकानदारानं चमकणारे, चाललं की दिवे लागणारे बूट काढले. ओवी खूश. हिनं एक बूट उचलला, तळवा बघितला, मग आपल्या बाटलीतलं पाणी दुकानाच्या फरशीवर ओतलं आणि बूट त्यावर दाबून घासला. सरकन गेला. दुकानदार उठून उभा राहिला, "ओ आजी, दुकान हाय हे!" ही शांतपणे म्हणाली, "डोंगर कोण पुसून ठेवतं का? दुसरे दाखव." मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, जणू मी त्या बाईबरोबर नाहीच. सात जोड झाले. आठवा फरशीवर रुतून बसला. तो तपकिरी होता, दिसायला बथ्थड. ओवी रडायला लागली. हिनं तिला बूट घालून पाणी सांडलेल्या जागी उभं केलं आणि दोन्ही हात सोडून दिले. ओवी घसरली नाही. पुन्हा उभी राहिली, पुन्हा नाही. मग रडायचं विसरून त्या पाण्यात नाचायलाच लागली. निघताना हिनं दुकानदाराकडून फडकं मागून घेतलं आणि फरशी पुसून दिली. मागच्या दिवाळीत तो दुकानदार मला बाजारात भेटला. म्हणाला, आता लहान पोरांचे बूट मी पाणी टाकूनच दाखवतो. आजी कशा आहेत? मी म्हटलं, बऱ्या आहेत. घरी आल्यावर त्या खोट्याचा दिवसभर राग आला.

तिचा स्वतःचा वेष बघून कोणी हसू नये म्हणून मीच आधी हसायचो. नऊवारीचा काष्टा, वर माझा फवारणीचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात पोराचे शाळेतले पांढरे बूट. त्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, तिथं सेफ्टीपिन. शर्ट खुंटीवर आहे. धुतलेला नाही. सून दोनदा धुवायला मागून गेली, मी दिला नाही.

अंतर तिला किलोमीटरमध्ये कळायचं नाही. ती दर गुरुवारी, नवा डोंगर असेल तर, एकटी आधी जाऊन यायची. लहान पोर किती चाललं की पहिल्यांदा 'किती राहिलं' विचारील, ते आपल्या मनानं धरायची आणि तिथं आसपास सावलीची जागा शोधायची. आठला त्या झाडाची सावली कुठं पडते, नऊला कुठं सरकते, ते बसून बघायची. अशा एका जागेला ती एक विसावा म्हणायची. म्हसरूळची चामरलेणी पाच विसाव्यांची. पांडवलेणी चार. रामशेज नऊ. पोरांना ते पाठ होतं. शाळेत एका पोरीनं डोंगराची उंची नऊ विसावे अशी लिहिली, तर बाईंनी चूक दिली. ही शाळेत जाऊन बाईंना भेटून आली. काय बोलली कोणाला ठाऊक, पण पुढच्या महिन्यात बाईंचा मुलगाही आमच्या ओट्यावर काट्यावर उभा होता.

चालायचा नियम एकच. ज्याचे पाय सगळ्यात आखूड, तो पुढे. त्याला कोणी ओलांडायचं नाही. ती सगळ्यात मागे. पुढचं पोर म्हणालं 'बास', की सगळे तिथून परत. त्यामुळे रामशेजचा माथा पोरांतल्या कोणी बघितलाच नव्हता. आया कुरकुरायच्या, की आजी पोरांना वरपर्यंत नेत नाहीत. हिचं उत्तर ठरलेलं, वर काय पाट मांडून ठेवलाय का जेवायला?

आणि खोटं बोलायचं नाही. हा तिचा आजारच होता म्हणा. आमच्या धंद्यात तर फार नडायचा. मी हातगाडीवर कालच्या मेथीला पाणी मारून, वर करून ठेवायचो आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, सकाळची तोडलेली आहे ताई. ही शेजारी बसलेली असली की म्हणायची, "मेथी कालची हाय. पालक आजचा हाय, तो घ्या." मी घरी आल्यावर डोकं आपटायचो. ती म्हणायची, मी काय खोटं बोलले? शेवटी मी तिला गाडीवर बसवणं बंद केलं. त्यानंतर गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, आजी कुठं आहेत? त्या सांगतील कोणती घ्यायची ते.

डोंगरावर मला ती नेत नसे. त्या शनिवारच्या दोन वर्षं आधी पोरं जास्त झाली म्हणून नेलं. रामशेजच्या वाटेवर ती मागे एका पोरीच्या पायातला काटा काढत बसली होती. पुढे ओवी आणि मी. ओवी चार वर्षांची. म्हणाली, आबा, किती राहिलं? मी म्हटलं, आलंच, ते काय वळण. वळण गेलं. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आलंच आता, दोन मिनिटं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. पायरीवर बसली, एक बूट काढला आणि दरीत फेकला. तो तपकिरी बूट. मी पाणी दिलं तर माझ्या हातचं घेईना. उचलायला गेलो तर चावली.

ही वर आली. सगळं बघितलं. मला म्हणाली, "बाजारात बोलता तेच इथं बोललात. तिथं गिऱ्हाइकाला घरी जाऊन समजतं, हिला पायानं समजतं." मग ओवीसमोर उकिडवी बसली आणि सांगितलं, अजून सहा विसावे आहेत. तुझ्याच्यानं आज होणार नाहीत. इथून परत जाऊ. ओवीनं डोळे पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाली, एक जाऊ या. एक गेल्या. मग परत. वर निघायच्या आधीच बारदानाचा एक तुकडा फाडून हिनं ओवीच्या पायाला सुतळीनं बांधला होता. त्या बारदानाच्या पायानं पोरगी चार विसावे उतरली, पण माझ्या कडेवर आली नाही.

पाणी ती दोन दिवसांत प्यायला लागली. पण एक गोष्ट लागली ती लागलीच. मी काहीही सांगितलं, की ओवी आजीकडे वळायची. आबा म्हणतात उद्या शाळेला सुट्टी आहे. खरं का? आबा म्हणतात वरणात मीठ आहे. खरं का? आजीनं मान हलवली की मग ते खरं. सूनबाई हसायची. पोरगा हसायचा. मीही हसायचो. हसण्यासारखं काही नव्हतं. एका पाच वर्षांच्या पोरीनं माझी पारख केली होती, आणि ती बरोबर होती. मी हिला एकदा म्हटलं, तू तिला सांग की आबा आता खोटं बोलत नाहीत. ती म्हणाली, "ते माझ्या सांगण्यानं होईल व्हय? तुम्हालाच चढावं लागंल."

त्यानंतर मी प्रत्येक रविवारी गेलो. बोलायचो नाही. मोजत चालायचो. विसावा कुठं येतो ते ध्यानात ठेवायला शिकलो. पण ओवी मला विचारायचीच नाही तर सांगणार कोणाला?

त्या शनिवारी सगळ्या पिशव्या झाल्यावर ओवीला काट्यावर उभं केलं. सोळा किलो. आदल्या खेपेला ती आठव्या विसाव्यापर्यंत गेली होती आणि स्वतःच बास म्हणाली होती. हिनं तिच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, जशी बैलाच्या बघतात, आणि म्हणाली, उद्या ही वर जाईल. ओवीनं विचारलं, खरं का? ही म्हणाली, मला वाटतं जाशील. नक्की ठाऊक नाही. ओवी बूट उशाशी घेऊन झोपली.

लोक मला सांगतात, सवय होते आबा. होत नाही. सकाळी तोंड धुवून वळलो की अजून म्हणतो, चहा टाक गं. मग स्वतःच टाकतो. मला साखर किती लागते ते मला ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं तीच घालायची. आता कधी गोड होतो, कधी फिका, आणि दोन्ही वेळा तो माझा नसतो.

रविवारी पाचला मला जाग आली. रोज ती मला उठवायची, तेव्हा तिथंच कळायला पाहिजे होतं. हात लावला तर अंग गार. शेजारी झोपलेल्या मला ती केव्हा गेली याचा पत्ता नाही. पोराला हाक मारली. तो डॉक्टरला आणायला पळाला. सूनबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडत होती. ती म्हणाली, आबा, ओवीला काही सांगू नका, दवाखान्यात नेलंय म्हणा, मग बघू हळूहळू. पोरगाही जाताना तेच म्हणाला होता. मलाही बरं वाटलं. खोटं माझ्या जिभेवर तयारच होतं, पाणी मारून ताजं केलेलं.

साडेपाचला फाटक वाजलं. सहा पोरं, टोप्या बांधलेली, आखूड पायाचं पुढे, शिकवल्यासारखी रांगेत उभी. गलका नाही. त्यांना कोणी सांगायचं राहिलंच होतं. मागून जिन्यावरून ओवी उतरली, बूट उलटसुलट घातलेले, आणि ओट्यावरच्या सात पिशव्यांपाशी उभी राहिली. म्हणाली, आजी कुठंय?

सूनबाईनं आतून माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसलो, ती बसायची तसा उकिडवा. गुडघा कडकन वाजला. म्हटलं, "आजी गेली, ओवी. झोपेत गेली. आता ती उठायची नाय. आज यायची नाय, पुढच्या रविवारी पण यायची नाय."

ओवी वळली. सवयीनं. घराच्या दाराकडे तोंड करून तिनं विचारायला ओठ उघडले. दारात कोणी नव्हतं. मग माझ्याकडे फिरली.

"खरं का, आबा?"

"खरं."

तिनं मान हलवली. आजी हलवायची तशी, एकदाच. मग रडायला लागली, आणि रडत माझ्या खांद्यावर आली.

मागून एक पोर हळूच म्हणालं, आबा, मग पिशव्या? मी उठलो. ज्याची त्याच्या पाठीवर चढवली. ओवीचे बूट नीट घातले, नाडी बांधली. आजीची पिशवी, आता साडेतीन किलोची, मी घेतली. ओवीला पुढे केलं, मी मागे राहिलो, आणि फाटकातून निघालो. नातेवाईक नंतर पुष्कळ बोलले. बाई घरात पडलेली आणि हा म्हातारा पोरं पोचवायला गेला, डोकं फिरलं याचं. फिरलं असेल. पण त्या पोरांना ती कधी वाटेत सोडून आली नव्हती.

मेथीच्या वाफ्यांच्या कडेनं, मग कालव्यावरून, एकेका दारात एकेक पोर सोडलं. आयांना सांगितलं. कोणी ओवीला ओलांडलं नाही. ती जशी चालेल तसे सगळे. समोर रामशेज होता, उजाडत होतं. शेवटचं पोर पोचलं आणि आम्ही दोघंच परत फिरलो. कालव्याच्या कडेला ओवीचे पाय रेंगाळले. आमचं घर तिथून दिसत होतं. दारात माणसं जमायला लागली होती, कोणीतरी मला हात करून बोलवत होतं.

ओवी मागे वळून म्हणाली, "आबा, घर किती राहिलं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला विचारलं होतं. आलंच, असं तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. घराकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि नीट मोजलं.

"एक विसावा," मी म्हटलं.

मग आजीच्या पिशवीतलं बारदान काढलं, बाभळीखाली पसरलं, आणि आम्ही दोघं बसलो.